गाळलेली व्यक्ती

बाईंच्या हातून अठरा वर्षांत साडेचारशे खून गेले, पण एकाही खुन्याला त्यांनी वेळेआधी बाहेर पडू दिलं नव्हतं. त्या परीक्षणं लिहीत. दर रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत चौथ्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीच्या डोक्यावर, त्यांचं ‘थरकाप’ नावाचं सदर येई. नवे भुतांचे सिनेमे, नव्या रहस्यकादंबऱ्या, सुपरहिरोंची नवी कॉमिक्स, असा सगळा माल त्या आठवडाभर उपसत आणि त्यातलं चांगलं काय, टाकाऊ काय ते रोखठोक सांगत. इमारतीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. कुरिअरवाला तळमजल्यावरूनच हाक मारायचा, “खूनवाल्या बाई, तुमचं पार्सल!” आणि नव्यानं राहायला आलेली माणसं दाराला आतून दुसरी कडी लावून घ्यायची.

बाई भित्र्या मुळीच नव्हत्या, रागीट होत्या. सिनेमात भूत आलं की मटार सोलता सोलता त्या विचारायच्या, “हे साठ वर्षं तळघरात होतं ना? मग याच्या कपड्यांची इस्त्री कशी मोडली नाही?” छातीनं आगगाडी अडवणाऱ्या एका सुपरहिरोबद्दल त्यांनी लिहिलं होतं की या गृहस्थांनी अकरा अंकांत शहर सात वेळा वाचवलं ते ठीक, पण त्यांच्या मागे जो राडारोडा पडतो तो कोण उचलतं, हे बाराव्या अंकात तरी कळू द्या. कॉमिकवाल्यांनी पुढे दीड वर्ष त्यांना अंकच पाठवला नाही.

रहस्यकथेपाशी मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. मराठीत रहस्यकथेचं परीक्षण लिहिणं हा काय छळ असतो, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. खुनी ‘पळाला’ म्हटलं की सगळ्या बायका सुटल्या. ‘पळाली’ म्हटलं की तमाम पुरुष मोकळे. आपण एक साधं क्रियापद लिहावं आणि निम्मे संशयित घरी निघून जावेत, असली ही भाषा! बाईंनी यावर तोड काढली होती, आणि ती तोड म्हणजे ‘व्यक्ती’ हा शब्द. व्यक्ती कुणीही असू शकते, आजोबा, नात, डॉक्टर, इन्स्पेक्टर. व्याकरणात मात्र ती सदैव ‘ती’च. खून करणारी व्यक्ती येते, बसते, चहा पिते, हसते, आणि वाचकाला काडीचा पत्ता लागत नाही. या एका शब्दाच्या पदराआड बाईंनी साडेचारशे जणांना सुखरूप लपवलं होतं.

म्हणूनच ‘थरकाप’चा लौकिक होता. हातातलं पुस्तक अर्धं झालेलं असताना त्याच पुस्तकाचं परीक्षण निर्धास्त वाचावं, असं ते एकमेव सदर. बाईंनी आयुष्यात काही मिळवलं म्हणाल तर ते एवढंच, आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता.

सगळ्यांत निर्धास्त वाचक घरातच होत्या, त्या म्हणजे सासूबाई. सासूबाईंची सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची गुपितं कानावर पडू देण्यात आणि ती ऐकलीच नाहीत असं दाखवण्यात गेली होती. गुपित फोडणाऱ्या माणसाला त्या माणसांत धरत नसत. सून म्हणून बाईंच्यात त्यांना शंभर खोडी दिसत, स्वयंपाकापासून चालण्यापर्यंत. पण “पोटात राहतं हो हिच्या” असं त्या शेजारणींना सांगत, आणि ते बाईंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत.

आता घोटाळा ज्या कादंबरीवरून झाला तिचं नाव ‘पाचव्या मजल्याची चावी’. ती तुम्ही वाचायची ठेवली असेल तर इथेच थांबा, कारण शेवट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मला बाईंएवढा धीर नाही. दोन गल्ल्या पलीकडे औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी अकरा वर्षं खपून ती लिहिली होती. नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह असतं, तिथल्या मालकीणबाईंचा खून होतो. संशयित पाच. एक नर्स, एक टायपिस्ट, एक गाणं शिकवणाऱ्या बाई, मालकीणबाईंची सावत्र बहीण, आणि जिन्यावरचे गेलेले बल्ब बदलायला येणारे एक म्हातारे काका. म्हणजे चार बायका आणि एक पुरुष. हे काका इतके गरीब की वाचक त्यांना संशयितांत मोजतच नाही. आणि खून केलेला असतो तो काकांनीच.

बाईंना कादंबरी मनापासून आवडली. त्यांनी लिहिलं, “खून करणारी व्यक्ती पहिल्या पानापासून आपल्यासमोर वावरत असते, आणि तरी आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.” वाक्य त्यांनी तीनदा वाचून पाहिलं आणि मजकूर समाधानानं पाठवून दिला.

रविवारी सकाळी पेपर आला. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर तीच कादंबरी, त्र्याण्णवाव्या पानावर चष्म्याचं घर खूण म्हणून घातलेलं. त्यांनी पुरवणी उघडली, चौथं पान काढलं, आणि वाचता वाचता त्यांची मान हळूच वर आली.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “बाई आहे होय ती!”

“कोण बाई?”

“खून करणारी. इथे छापलंयस की तू.”

बाईंनी पेपर ओढून घेतला. छापलं होतं, “खून करणारी पहिल्या पानापासून आपल्यासमोर वावरत असते, आणि तरी आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.” व्यक्ती नव्हती. व्यक्ती जागेवरून गायब झाली होती आणि तिच्या जागी एक धडधडीत बाईमाणूस उभं होतं.

“अहो आई, तसं नाहीये ते,” बाई घाईघाईनं म्हणाल्या.

“म्हणजे बाई नाही?” सासूबाईंनी चष्मा काढला.

बाई नाही म्हटलं तर उरतं कोण? बल्ब बदलणारे काका. “तसंही नाही,” त्या म्हणाल्या.

“तसं नाही आणि तसंही नाही! अगं, मग आहे तरी कसं?”

सासूबाईंनी पुस्तकातून चष्म्याचं घर काढून घेतलं आणि पुस्तक मिटलं. “अठरा वर्षं तुझ्यावर विश्वास ठेवून अर्धी वाचलेली पुस्तकं बाजूला ठेवून तुझं सदर वाचलं मी,” त्या म्हणाल्या, “आणि तूच सांगून मोकळी झालीस.” त्यानंतर त्या सुनेशी बोलेनाशा झाल्या. काही हवं असलं तर मुलाला सांगत, तोही जवळ नसला तर भिंतीला सांगत. बाईंना हे फार लागलं. स्वयंपाकावरून सासूबाई महिनाभर बोलल्या असत्या तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं.

दिवसभर फोन वाजत राहिला. एक निवृत्त स्टेशनमास्तर तर रडवेले झाले होते. ते दवाखान्यात नंबर लावून कादंबरी वाचत बसले होते, आणि शेजारच्या पेशंटनं त्यांना सदर वाचून दाखवलं. “मास्तर, तुम्ही पुस्तक पुरं करा,” एवढंच बाई म्हणत राहिल्या. “आता काय पुरं करायचं डोंबल!” म्हणून मास्तरांनी फोन आपटला.

सोमवारी बाई तरातरा कचेरीत गेल्या आणि थेट पानं लावणाऱ्या दादांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. दादा वीस वर्षं पुरवणीची पानं लावत होते. माणूस सज्जन, पण मजकुराकडे ते शिंपी कापडाकडे बघतो तसे बघत.

“दादा, माझी व्यक्ती कुठे गेली?”

“कोण हरवलंय?” दादा दचकले. मग पान बघून म्हणाले, “हां, ते होय! गादीवाल्यांची जाहिरात वाढली ना. तुमच्या परिच्छेदातलं शेवटचं ‘नाही’ एकटंच खालच्या ओळीत लोंबत होतं. एक शब्द काढला, ‘नाही’ वर आलं. अर्थ तोच राहतो की!”

“अर्थ तोच राहतो?” बाईंचा आवाज असा चढला की शेजारचे राशिभविष्यवाले उठून बाहेर गेले. “बरं, झालं ते झालं. येत्या रविवारी चौकट टाका. ‘खून करणारी’ असं छापलं गेलं, तिथे ‘खून करणारी व्यक्ती’ असं वाचावं. बास.”

दादांनी मान डोलावली, पेन्सिल कानावर ठेवली, आणि तोंडातली सुपारी चावत क्षणभर छताकडे पाहिलं. “पण बाई,” ते म्हणाले, “खरंच बाईमाणूस असतं तर तुम्ही आता कशाला सुधारलं असतंत? फुटलेलं फुटलंच. सुधारताय म्हणजे बाप्या आहे. आणि परीक्षणात तुम्ही पाच जण दिलेत, त्यात बाप्या एकच.” त्यांचे डोळे मोठे झाले. “अयाई गं! बल्बवाले काका!”

दादांनी कादंबरी वाचणं सोडा, हातातही धरली नव्हती. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं, मग बाकीच्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? चूक दुरुस्त केली की खुनी खरोखरच फुटणार होता.

“मी साहेबांना सांगतो, चूक माझी आहे,” दादा ओशाळून म्हणाले.

“काय सांगाल? कुठला शब्द काढलात ते सांगावं लागेल. आणि साहेब ती कादंबरी वाचतायत.”

साहेब म्हणजे संपादक. ते डबा खाताना रोज सहा पानं वाचत, कमी नाही की जास्त नाही, आणि सध्या एकशे बाराव्या पानावर होते. बाई आत गेल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर वाचकांनी हातोहात आणून टाकलेली एकवीस पत्रं होती आणि चेहऱ्यावर बाविसावं.

“बाई, तुम्ही?” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजलो असतो. पण तुम्ही?”

“साहेब, त्या वाक्यात—”

“एक शब्द बोलू नका!” संपादकांनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. “बाई आहे एवढं कळलं, निदान चौघींतली कुठली ते तरी माझ्यासाठी राहू द्या!”

बाईंनी मान खाली घातली. संपादकांनी हात खाली घेतले, आणि त्यांच्या आवाजातला राग जाऊन नुसता कंटाळा आला. “गुरुवारपर्यंत दिलगिरी लिहून द्या. आणि ‘थरकाप’ आता बंद करू. घरातल्या झाडांवर लिहिणाऱ्या एक बाई कधीपासून मागे लागल्यात. झाडांचा शेवट तरी कुणी फोडत नाही.”

अठरा वर्षांचं सदर कुंड्यांत गेलं. बाहेर येऊन बाई जिन्यात थांबल्या आणि त्यांना रडू आलं. एकच वाक्य बोलायचं होतं. बोलल्या असत्या तर सदर वाचलं असतं, आणि संपादकांची उरलेली एकशे चौऱ्याहत्तर पानं मातीत गेली असती.

तशाच त्या औषधांच्या दुकानात गेल्या. लेखकाची माफी तरी मागावी, म्हणून. औषधवाले बुटके, गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या कोटातले गृहस्थ होते. बाईंना बघताच त्यांनी खोकल्याचं औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात चुकून बाम ठेवला आणि बाईंना गल्ल्यामागच्या खोक्यांत नेलं.

“शब्द गळला ना?” ते कुजबुजले. “मी लगेच ओळखलं. तुम्ही असं लिहिणारच नाही.”

बाईंना हायसं वाटलं. खरं माहीत असलेलं, आणि ते माहीत असण्याचा हक्क असलेलं, दुसरं माणूस अख्ख्या शहरात हेच होतं. दोघं सलाइनच्या खोक्यांवर बसली आणि दहा मिनिटं मनसोक्त ‘तो आला’, ‘त्यानं मारलं’, ‘तो पळाला’ असं बोलली. इतकं मोकळं बाई रविवारपासून बोलल्या नव्हत्या.

“बायकोला वाचून दाखवली होती मी,” औषधवाले म्हणाले. “ती म्हणाली, बरी आहे. अकरा वर्षांत मला एकच बघायचं होतं हो. कुणीतरी शेवटचं पान उलटावं आणि त्याचं तोंड उघडं पडावं. आता लोक क्रोसिन घ्यायला येतात आणि म्हणतात, बाई निघाली म्हणे.” मग ते जरा वेळ कोटाच्या गुंडीशी चाळा करत बसले. “तुमचं सदर जाणार असेल तर छापा खरं काय ते. तुमची अठरा वर्षं, माझी अकरा. तुमची जास्त आहेत.”

हे ऐकून बाईंना भरून आलं. त्या खोक्यावर बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी बाम परत घेऊन आलं होतं आणि हाका मारत होतं. बाईंच्या डोक्यात सासूबाई होत्या, संपादक होते, स्टेशनमास्तर होते. एकजात सगळे आता त्या चार बायकांकडे डोळ्यात तेल घालून बघत असणार.

“अहो,” त्या एकदम म्हणाल्या, “आता काकांकडे कोण बघणार आहे?”

“आं?”

“अकरा वर्षं तुम्ही त्याला बल्बमागे लपवलात. तरी शंभरातल्या दहांना वास लागलाच असता. आता एकालाही लागणार नाही. आमच्या दादांनी त्याला असा लपवलाय की तुम्हाला शंभर वर्षांत जमलं नसतं!”

औषधवाल्यांचं तोंड उघडं पडलं. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. “पण मग तुम्ही गप्प बसणार? आणि सदर?”

“बघू,” बाई उठत म्हणाल्या. “झाडांना पाणी घालीन.”

गुरुवारी त्यांनी दिलगिरी लिहून दिली. “गेल्या रविवारी या सदरात आलेल्या एका वाक्यामुळे अनेक वाचकांचा विरस झाला. दोष सर्वस्वी माझा आहे, कादंबरीचा नाही. ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी, ही विनंती.” दादांनी ती दोनदा वाचली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुठला मजकूर असा वाचत होते. “खुनी फुटला असं यात कुठेच म्हटलं नाहीत तुम्ही,” ते म्हणाले. “फुटलेलाच नाही तर कसं म्हणू?” बाई म्हणाल्या. दादांनी त्या चौकटीतला स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही, आणि गादीवाल्यांच्या जाहिरातीची एक गादी मात्र अर्धी कापली.

त्या रविवारी दिलगिरी आली आणि तिच्याखाली मनीप्लँटची निगा कशी राखावी ते आलं. घरी सासूबाईंनी, पुस्तक मिटल्यापासून पाच दिवस त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मग ताटात काही टाकायचं नाही या त्यांच्या शिस्तीत पुस्तकही बसत असावं, कारण सहाव्या दिवशी त्यांनी ते पुन्हा उघडलं होतं. त्या मधूनच भिंतीला सांगत, “ती नर्सच असणार. पहिल्यापासून मला ती आवडली नव्हती.” बाई मुकाट्यानं भांडी लावत.

पुढच्या बुधवारी दुपारी बाई आणि त्यांचे यजमान जेवणाच्या टेबलाशी बसले होते. यजमानांचा नंबर आईच्या नंतरचा, म्हणून ते पुस्तकाची वाट बघत होते. आतल्या खोलीतून “अगं बाई!” असा आवाज आला. मग सासूबाई दारात आल्या. चष्मा हातात, केस विस्कटलेले. त्यांनी सुनेकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं, आणि मुलाकडे नजर जाताच टेलिफोन एक्स्चेंजमधल्यासारखं घट्ट मिटलं. पुस्तक त्यांनी मुलासमोर ठेवलं.

“चांगलं आहे का गं आई?” यजमानांनी विचारलं.

“वाच तू,” सासूबाई म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, “ऊठ तिथून, आज चहा मी करते.” त्यांनी चहा केला, सुनेच्या कपात साखर स्वतः ढवळली, आणि पाठीवरून एकदा हात फिरवला. यजमान बघतच राहिले. त्यांच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

हळूहळू पत्रं यायला लागली. दादा ती घरी आणून जिन्यातच बाईंच्या हातात देत. त्या पत्रांत काहीच नसायचं. “शेवटचं पान वाचलं. कळलं. बोलत नाही.” “बाई, तुम्हाला मानलं. यापुढे लिहीत नाही, घरात अजून तिघांचं वाचून व्हायचंय.” स्टेशनमास्तरांनी नुसतं पोस्टकार्ड पाठवलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, “चुकलो.” बाई ती पत्रं रात्री उशाशी घेऊन झोपत. पण सदर काही परत येत नव्हतं. संपादकांना त्या पत्रांतून काही बोध होत नव्हता, आणि रोजच्या सहाची सात पानं करायला ते तयार नव्हते.

सदर बंद झाल्यापासून एकोणतिसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“बाई!” संपादक ओरडले. त्यांच्या तोंडात अजून घास होता. “अहो, तो! तो निघाला! तो जिन्यातला—”

“साहेब, हळू!” बाईंनी फोन कानावर दाबून धरला. “आमचे हे इथेच बसलेत. चाळिसाव्या पानावर आहेत. दिवसाला दोन पानं होतात त्यांची, तीही जांभया देत.”

“बरं, बरं,” संपादक कुजबुजायला लागले. “पण बाई, मग त्या दिवशी माझ्या तोंडावर का नाही सांगितलंत? मी तुमचं सदर बंद करत होतो! अठरा वर्षांचं सदर! एका वाक्याचं काम होतं, आणि तुम्ही खाली मान घालून निघून गेलात!”

“कसं सांगणार, साहेब?” बाई म्हणाल्या. “तुम्ही वाचत होतात ना.”

पलीकडे डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

“रविवारचा मजकूर बुधवारपर्यंत द्या,” संपादक म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की बाईंना दोनदा विचारावं लागलं.